तळेगव्हाणचे ट्रक

मुंबई
१२ जानेवारी २०२६

काका,

नमस्कार. काय झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. नोव्हेंबरमध्ये आमच्या कार्यालयात एका नव्या अणुवीज प्रकल्पाचा अर्ज आला. जागा: मौजे तळेगव्हाण, तालुका उमरी, जिल्हा नांदेड.
२. हा अर्ज पहिल्या परवानगीसाठी, म्हणजे फक्त जागेसाठी आहे. बांधकामाची, इंधन भरण्याची आणि चालवण्याची परवानगी नंतर एकेक करून घ्यावी लागते.
३. जागेच्या अहवालातलं भूकंपाचं प्रकरण तपासायला माझ्याकडे आलं.
४. जाणाऱ्या जमिनींच्या यादीत तुमचं नाव दिसलं. मी त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवलं. नातेवाइकाची जमीन असेल त्या अर्जाला हात लावायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे.
५. फाइल माझ्याकडून काढून राघवेंद्र सरांकडे दिली गेली.
६. तोवर ते प्रकरण माझं वाचून झालं होतं.

सहाव्या मुद्द्यासाठी हे पत्र आहे. या विषयावर तुमच्याशी फोनवर बोलणं मला योग्य वाटत नाही. लिहिलेलं दाखवता येतं. माझ्या पत्राची प्रत मी सरांना देणार आहे. तुमचं उत्तर मात्र तुम्ही म्हणालात तरच दाखवेन.

प्रकल्पाच्या लोकांनी मागच्या उन्हाळ्यात गावात घरोघरी विचारलं होतं. जमीन हादरते का, खालून आवाज येतो का, भांडी वाजतात का. जवळजवळ प्रत्येक घराचं उत्तर एकच आहे: हो, ट्रक गेला की. त्यावरून अहवालात निष्कर्ष काढला आहे की गावात जाणवणारा हादरा वाहनांचा आहे आणि भूकंपाच्या धक्क्यांचा लोकांना अनुभव नाही.

तळेगव्हाणला ट्रक येईल असा रस्ता २०२१ साली झाला. मी पाचवी ते दहावी तुमच्या घरी होते, तेव्हा पावसाळ्यात फाट्याच्या पुढे जीपसुद्धा येत नव्हती. तरी आपल्याकडे ट्रक जायचे. खालून गडगड यायची, मांडणीवरचे डबे वाजायचे आणि तुम्ही म्हणायचात, "काही न्हाई, ट्रक गेला." ते काकूसाठी होतं. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा किल्लारीच्या भूकंपात तिची आई आणि दोन्ही भाऊ गेले. घरात तो शब्द काढायचा नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी आपोआप शिकले. गल्लीने ते तुमच्याकडून उचललं आणि गावाने गल्लीकडून. माझ्याहून लहान असलेल्यांना आता ते खरंच ट्रक वाटत असतील.

प्रकल्पवाल्यांचं भूकंप मोजायचं यंत्र गावात बसून दोन वर्षं झाली आहेत. त्याआधीच्या गावातल्या लहान धक्क्यांचा पुरावा म्हणजे माणसांची आठवण, दुसरं काही नाही. इमारतीने किती मोठा भूकंप सोसला पाहिजे तो आकडा याच टप्प्यावर ठरतो. पुढच्या सगळ्या परवानग्या त्या आकड्यावर उभ्या राहतात.

यात माझा शब्द धरला जाणार नाही. रहिवाशाने सही करून दिलेलं निवेदन धरलं जातं. एक पान पुरे. रस्ता होण्याच्या आधीपासून हादरे आणि आवाज जाणवतात, आणि ट्रक म्हणण्याची पद्धत आपल्या घरातून पडली, एवढंच लिहायचं. खाली तुमची सही, जमल्यास काकूचा अंगठा. प्रकल्प नको असं मी म्हणत नाही. भूकंपाचं पुन्हा एकदा नीट विचारलं जावं, इतकंच.

३० जानेवारीपर्यंत पाठवा.

पुनम


तळेगव्हाण
२० जानेवारी

चि. पुनमला शेषेरावकाकाचा आशीर्वाद.

पत्र मिळालं. पोस्टमननं हातात दिलं तवा वाटलं कुणाची लग्नपत्रिका हाय. काकूनं तुझं अक्षर वळखलं. वाचता येत न्हाई, पर तुझं अक्षर तिला कळतं. म्हणली, "पुनीचं हाय, मोठ्यानं वाचा." वाचलं.

पहिलं मला हे सांग. साहेबानं फाइल काढून घेतली म्हणजे तुझ्यावर काही बालंट आलं काय? नोकरीला धोका न्हाई ना? तुला लपवायची सवय हाय. दहावीला फळ्यावरचं दिसत नव्हतं ते बी आम्हाला मास्तरकडून कळलं. आपल्या वळखीचे लोक हाईत, उमरीपासून नांदेडपर्यंत. म्हणशील तर शब्द टाकतो.

ती सर्व्हेवाली पोरं आली तवा मी ओसरीवरच होतो. चांगली होती बिचारी, उन्हात हिंडून हैराण झाली होती. एकानं विचारलं, "काका, जमीन हलती का?" तुझी काकू चहा घेऊन उंबऱ्यात उभी. मी काय म्हणणार होतो? म्हणलं, "हाव, ट्रक गेला की हलती." त्यानं लिहून घेतलं. म्हणला, "दिवसाला किती ट्रक जातात?" म्हणलं, "मनाला यील तसे जातात बाबा." ते बी लिहून घेतलं. मग शेजारी दगडोबाकडं गेले. दगडोबा म्हणला, "शेषेरावनं काय सांगितलं? तेच माझं लिवा." पुढं समदी गल्ली तशीच झाली.

त्या मशीनीचं म्हणशील तर ती दगडोबाच्या शेतात, धुऱ्यावर हाय. भवताली जाळी लावली, त्या जाळीला ह्यानं शेळी बांधली. तपासणारा आला, म्हणला, "आजोबा, रोज सकाळ-संध्याकाळ इथं धक्का दाखवून राहिलंय." दगडोबा म्हणतो कसा, "माझी शेळी लई तापट हाय साहेब." गाव हसून बेजार.

रस्ता नव्हता तवा ट्रक कुठून आला, असं इतक्या वर्षांत कुणी विचारलं न्हाई. तू बी न्हाई. तू बी ट्रकच म्हणायचीस.

आता मुद्द्याचं. हरिओमचं जमलं. पोरगी धर्माबादची हाय, बाप अडत दुकानात मुनीम. चार वर्षं आम्ही हिंडून राहिलो. जावं तिथं एकच सवाल, "पोरगा शेतीच करतो का?" हाव म्हणलं की पोहे खायचे आन परत यायचं. गावात अशी पंचवीस-तीस पोरं बसून हाईत, काहींचे केस पिकले. प्रकल्पवाल्यांनी जमीन जाणाऱ्या घरातल्या एका पोराला कामावर घ्यायचं पत्र दिलंय. ते बघून पोरगीवाल्यांनी सुपारी फोडली. अक्षय्य तृतीयेचं लगीन धरलंय.

आता मी लिहून दिलं की ट्रक नव्हता, तर प्रकल्प लांबतो का न्हाई? तूच सांग, तू शिकलेली हाईस.

कागद देत न्हाई. राग धरू नको. जेवणाची हेळसांड करू नको. काकू बरी हाय, थोडे दिवस माहेरी गेली.

तुझा काका
शेषेराव


मुंबई
२७ जानेवारी

काका,

पत्र मिळालं. माझ्यावर बालंट नाही. नातं कळवणं हा नियम आहे, ती शिक्षा नाही. कोणाकडेही शब्द टाकू नका. तुमच्या ओळखीच्या कोणाचा फोन इथे आला, तर मात्र बालंट येईल.

प्रकल्प लांबेल का, असं तुम्ही विचारलंत. लांबेल. पुन्हा सर्वेक्षण होईल, आणखी यंत्रं बसतील, दोन-तीन वर्षं नोंदी घेतल्या जातील. कदाचित जागा बदलेल. हरिओमला मिळालेलं पत्र मी पाहिलेलं नाही, पण अशी पत्रं जागेची परवानगी मिळाल्यावरच लागू होतात. म्हणजे अक्षय्य तृतीयेला त्याच्या हातात काही नसेल. हे तुमच्यापासून लपवून सही मागायची नाही, म्हणून लिहिते.

शेळीची गोष्ट मी सरांना सांगितलेली नाही. तुमचं उत्तर विचारल्याशिवाय दाखवणार नाही असं मी लिहिलं होतं. ती सांगायची परवानगी द्या. इथे ती विनोद म्हणून कोणी ऐकणार नाही. शेळीच्या धक्क्यांसोबत खरे धक्केही कोणी बाजूला काढून टाकले का, ते बघावं लागेल.

सरांना मी एकच विचारलं. मी स्वतः तिथे राहिले आहे, तर माझं निवेदन घेता येईल का?

ते म्हणाले, "तू कोणाच्या बाजूने?"

मी म्हणाले, "कोणाच्याच नाही."

"असं कोणी नसतं. काकांची जमीन वाचवायला बघते, असं एक जण म्हणेल. भाव वाढवायला बघते, असं दुसरा. मला वाटतं तू खरं सांगतेस. आणि मला त्याचा काही उपयोग नाही."

ते चांगले अधिकारी आहेत. त्यांच्या जागी मीही हेच म्हणाले असते.

काकू माहेरी गेली हे तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंत. घरात हरभऱ्याचं काम असताना ती कधी कुठे जात नाही. पत्र मोठ्याने वाचलंत तेव्हा ती कोणत्या ओळीला उठली? कार्यालयात लिहितो तसं मी लिहीत गेले. तो शब्द जिथे यायला हवा तिथे आला. तुमच्या घरात पत्र मोठ्याने वाचतात हे माझ्या लक्षात राहायला हवं होतं.

समितीची बैठक २४ फेब्रुवारीला आहे. निवेदन १८ तारखेपर्यंत चालेल असं सर म्हणाले. पुन्हा विचार करा.

पुनम


तळेगव्हाण
३ फेब्रुवारी

पुनमताई,

तुझं दुसरं पत्र बाबांनी उघडलं न्हाई. मी उघडलं.

कोणत्या ओळीला आई उठली म्हणून विचारलंस. तिसऱ्या. तुझ्या तिसऱ्या नंबरात तो शब्द होता. बाबा वाचत वाचत गेले आन तोंडातून निघून गेला. मग थांबले. आई लगेच उठली न्हाई. म्हणली, "वाचा. समदं वाचा." बाबांनी समदं वाचलं. मग तिनं ताट सारलं आन अंगणात जाऊन बसली. आत ये म्हणलं तर म्हणली, "हाय इथंच बरी." सकाळच्या गाडीनं नांदेड, तिथून लातूर. बाबा फाट्यापर्यंत मागं मागं गेले. तिनं त्यांच्या हातात पिशवी दिली न्हाई.

तू खरं लिहितीस, मला मान्य हाय. तुझं खरं मुंबईत बसून लिहायचं हाय. तुझा फोटो तालुक्याच्या पेपरात आला, मी बीएस्सी झालो तर बाबांनी चौकात पेढे वाटले आन दुसऱ्या दिवशी मोटार चालू करायला पाठवलं. चार वर्षं एकच शर्ट इस्त्री करून पोरी बघायला गेलो. धर्माबादची म्हणली, "हा रंग तुम्हाला चांगला दिसतो." त्या दिवशी एवढंच बोलली. मला तेवढं पुरं हाय.

आन एक सांग, इंजिनिअर हाईस म्हणून विचारतो. आम्ही लिहून दिलं की जमीन हलती. मग काय व्हईल? प्रकल्प दुसऱ्या गावाला जाईल. जमीन हलायची थांबंल का? आम्ही तिथंच राहू, त्याच जमिनीवर, बिनकामाचे, बिनलग्नाचे. कागद बरोबर झाला म्हणून तू खूश.

शनिवारी सकाळी एक गेला. मोठा होता. मांडणीवरचा पितळी डबा खाली आला, समदी दाळ घरभर. बाबा न्हाणीतून वरडले, "काही न्हाई रे, ट्रक गेला!" घरात मी एकटा होतो. आई नव्हती, तरी म्हणले.

आता लिहू नको.

हरिओम


किल्लारी
९ फेब्रुवारी

पुनमताई, मी शिल्पा, तुमच्या काकूंच्या, म्हणजे आमच्या केवळाआत्यांच्या, चुलतभावाची मुलगी. आपण एकदा लग्नात भेटलो होतो. आत्या सांगतात तसं लिहिते. शब्द त्यांचे आहेत.

पुनी, लेकरा, खुशाल हाईस का? माझा तुझ्यावर राग न्हाई. हरिओमनं तुला काय लिवलं ते मला फोनवर सांगितलं, मी त्याला दोन शिव्या दिल्या. त्याचं मनावर घिऊ नको. त्याचा जीव टांगणीला लागलाय.

आता ऐक. हे मी कुणाला बोलले न्हाई. मला पहिल्यापासून ठाऊक हाय. ज्या बाईची आई गेली तिला तो आवाज ट्रकचा कसा वाटंल? पहिल्या वख्ताला जमीन वाजली तवा मी नवी नवरी, आई जाऊन दोन-चार महिने झालेले. हे धावत आत आले. म्हणले, ट्रक गेला. आन माझ्या तोंडाकडं बघत उभे राहिले, मी आता काय म्हणते म्हणून. लई भ्याले होते. मी म्हणलं, "हाव, ट्रकच असंल." मग कुठं खाली बसले, पाणी प्याले. तवापासून ते माझ्यासाठी म्हणतात आन मी त्यांच्यासाठी हाव म्हणते. त्यांना वाटतं मला खरं वाटतं. त्याच्यावर आमचा संसार झाला.

त्या दिवशी तुझं पत्र वाचताना त्यांच्या तोंडातून ते निघालं, आन त्यांनी माझ्याकडं बघितलं. तसंच, पहिल्या वख्तासारखं. माझ्या तोंडाला हाव आलं न्हाई. म्हणून निघून आले. दुसरं काही न्हाई.

तू अंगठा मागतीस. मी आधी दिला तर तुझे काका सरकारपुढं खोटे पडतात, आन त्यांना कळंल की मी इतकी वर्षं नाटक केलं. ते मला करायचं न्हाई. त्यांनी आपल्या मनानं आधी सही केली, तर खाली माझा अंगठा घे. येवढं त्यांना सांग. मला ठाऊक होतं ते सांगू नको. तुला माझी आण हाय.

हरिओमचं मोडलं तर मी तुला बोल लावणार न्हाई. तो लावंल. त्याला आई हाय, तुला बी हाय, मी दोघांची.

पत्र संपलं. माझ्याकडून एक लिहिते, आत्यांना वाचून दाखवलेलं नाही. इथली घरं भक्कम आहेत, सरकारनेच बांधून दिलेली. पण सध्या कारखाना चालू आहे आणि घरासमोरून उसाचे ट्रक जातात, खरे. प्रत्येक ट्रकला आत्या उठून दारात जाऊन उभ्या राहतात. ट्रक डोळ्यांनी दिसला की परत येऊन बसतात. दिवसभर हेच चालतं.

शिल्पा


मुंबई
१२ फेब्रुवारी

काका,

हरिओमने लिहू नको असं कळवलं आहे. हे शेवटचं पत्र. हे मोठ्याने वाचू नका. या पत्राची प्रत मी सरांना देत नाही.

समितीची बैठक २४ तारखेला आहे, निवेदन १८ तारखेपर्यंत चालतं. सरांचं टिपण तयार झालं आहे. मी ते पाहू शकत नाही, पण त्यांनी एवढं सांगितलं की अहवालाच्या विरुद्ध जाणारं काही त्यांच्यासमोर आलेलं नाही. ३१ जानेवारीचा, म्हणजे हरिओमने लिहिलेला शनिवारचा हादरा दगडोबाआजोबांच्या धुऱ्यावरच्या यंत्रात उमटला का, हे मी विचारू शकत नाही. विचारलं तर मला ते कसं कळलं हे सांगावं लागेल, आणि हरिओमचं पत्र दाखवायला त्याची परवानगी नाही. शेळीची गोष्ट सांगायची परवानगी मी दुसऱ्या पत्रात मागितली होती, ते तुम्ही उघडलं नाहीत. तीही सांगितलेली नाही.

हरिओमला सांगा, त्याचा प्रश्न बरोबर आहे. जमीन हलायची थांबणार नाही. प्रकल्प गेला तर गावाला काय मिळेल, ते मला माहीत नाही. प्रकल्प झाला आणि आकडा कमी धरलेला असला, तरी कदाचित काहीच होणार नाही. किती कदाचित, हे मला मोजता येतं. मोजायला जे लागतं ते अहवालात ट्रक म्हणून लिहिलेलं आहे.

काकूचं पत्र मला आलं. त्यातली एकच गोष्ट तुम्हाला सांगायची मला मुभा आहे. तुम्ही सही केलीत तर त्याच कागदावर ती अंगठा देईल. तुमच्या आधी देणार नाही. बाकीचं मी लिहू शकत नाही, तिने आण घातली आहे. ती सुखरूप आहे. तुम्ही तिला आणायला जावं असं मला वाटतं. हे माझं मत आहे, तिचा निरोप नाही.

निवेदनाचं पान सोबत जोडलं आहे. तुम्हाला फार लिहावं लागू नये म्हणून मजकूर मीच लिहिला आहे. चूक असेल तिथे खोडा. जे तुम्ही पाहिलेलं नाही ते त्यात ठेवू नका. परतीचं पाकीट आत आहे, तिकीट लावलेलं.

तुम्ही सही कराल असं मला वाटत नाही. तुमच्या जागी मी केली असती का, तेही मला सांगता येत नाही. मुलाचं लग्न एका बाजूला आणि कधीतरी होईल किंवा होणार नाही असं काहीतरी दुसऱ्या बाजूला, असा हिशोब मी कामावर रोज करते. त्यात तुमचं घर असताना मला तो करता आला नाही. फाइल माझ्याकडून काढली ते बरोबर होतं.

१८ तारखेपर्यंत काहीच आलं नाही, तर "रहिवाशांकडून वेगळी माहिती प्राप्त नाही" अशी नोंद होईल. कार्यालयात न आलेलं पत्रही उत्तर म्हणून धरतात. तुमच्याकडून मला तसं उत्तर नको. सही करायची नसेल तर त्याच पानावर सहीच्या जागी "नाही" लिहा आणि पाठवा. मी ते फाइलला लावणार नाही.

बुधवार, १८ फेब्रुवारीपर्यंत उत्तर माझ्या हातात पडेल, असं पाठवा.

पुनम